लोआरच्या काठाने: फ्रेंच ग्रामभागातील सायकलचा एक दिवस

फ्रेंच भाषेत सायकल चालविणाऱ्या माणसासाठी दोन शब्द आहेत. ‘सिक्लिस्त’ म्हणजे सायकल चालविणारा कोणीही; शर्यतीत उतरणारा तो हाच. ‘सिक्लोतुरिस्त’ म्हणजे प्रदेश पाहण्यासाठी, लहान रस्त्यांनी आणि आपल्या सवडीने हिंडणारा. मराठीत दोघांनाही सायकलस्वार म्हटले जाते आणि त्यामुळे एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. पुढील विवेचनात दुसऱ्या प्रकारच्या माणसाला ‘सायकलयात्री’ असे म्हटले आहे. यात्रा या शब्दाला आपल्याकडे चिकटलेला देवस्थानाचा संदर्भ येथे अभिप्रेत नाही. परंतु वाटेवरच्या प्रत्येक गावाला मान देत, मुक्कामाइतकीच वाटही महत्त्वाची मानून चालणे हा यात्रेचा दुसरा अर्थ येथे पुरेपूर लागू पडतो.

१९०३ साली सुरू झालेल्या ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीमुळे फ्रान्स आणि सायकल यांचे नाते जगाला ठाऊक झाले आहे. या शर्यतीच्या झगमगाटात मागे पडलेली परंपरा मात्र तिच्याहून जुनी आहे. तिचा प्रवर्तक म्हणून पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) याचे नाव आदराने घेतले जाते. हा मूळचा रेशमाचा व्यापारी. सेंतेत्येन या औद्योगिक नगरात त्याने सायकलींचे दुकान काढले आणि १८८७ पासून सायकलीला वाहिलेले एक नियतकालिक चालविले. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने तो लिहीत असे. तो शाकाहारी होता, एस्पेरांतो भाषेचा पुरस्कर्ता होता आणि आयुष्यभर एकच गोष्ट सांगत राहिला: साध्या प्रकृतीच्या माणसालाही सायकलवरून डोंगर ओलांडता आला पाहिजे, आणि त्यासाठी सायकलीला एकाहून अधिक गिअर हवेत. शर्यतीच्या चालकांना हे मान्य नव्हते. चढावर गिअरची मदत घेणे हे त्यांना दुर्बलतेचे लक्षण वाटे. ‘तूर द फ्रान्स’मध्ये साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती १९३७ साली. तोपर्यंत व्हेलोसिओचा एका ट्रामखाली सापडून मृत्यू झाला होता. आज जगभर लोक जी गिअरची सायकल वापरतात, तिचा पाठपुरावा विजेत्यांपेक्षा या हौशी भटक्यांनी केला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे आणि केवळ मिरविण्यासाठी पायडल मारू नये, अशा आशयाचे त्याचे उपदेश फ्रेंच सायकलयात्री अजून सांगतात.

तरीही ही हौस दीर्घकाळ मध्यमवर्गाचीच होती. फ्रान्समध्येही सायकल हे बहुसंख्यांना कामावर जाण्याचे साधन होते. टपालवाला, गिरणीकामगार, शेतमजूर यांचे. भारतीय वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. ज्याला आठवड्यातून एकच सुटी मिळते, तो त्या दिवशी पुन्हा सायकलवर कशाला बसेल? या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले. लेओं ब्लम यांच्या लोकआघाडी सरकारने २० जून १९३६ रोजी सर्व कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा केला. क्रीडा व विरंगुळा या खात्याचे उपसचिव लेओ लाग्रांज यांनी रेल्वेचे सवलतीचे तिकीट मिळवून दिले. त्या उन्हाळ्यात हजारो कामगार कुटुंबे पहिल्यांदाच शहराबाहेर पडली, आणि ज्यांना रेल्वेही परवडत नव्हती ती सायकलने निघाली. पतिपत्नी पुढेमागे बसून एकच सायकल चालवीत आहेत आणि मागे तंबूचे गाठोडे बांधले आहे, अशी त्या उन्हाळ्याची छायाचित्रे फ्रान्समध्ये अजून आवर्जून छापली जातात. पायडल तेच, पायही तेच. बदलले होते ते वेळेचे मालक.

हे झाले माणसांविषयी. परंतु सायकलयात्रेला केवळ रजा पुरत नाही. प्रदेशही तसा असावा लागतो. फ्रान्सच्या मुख्य भूमीचे क्षेत्रफळ साडेपाच लाख चौरस किलोमीटरांच्या आत आहे आणि तीत सुमारे ३५ हजार ‘कोम्यून’ आहेत. कोम्यून म्हणजे आपली ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. लहानमोठ्या सर्वांना हे एकच नाव. म्हणजे एका कोम्यूनच्या वाट्याला सरासरीने पंधरा-सोळा चौरस किलोमीटर येतात आणि एका गावापासून दुसरे गाव साधारण चार किलोमीटरांवर पडते. यांतील बहुतेक गावांच्या हद्दी जुन्या चर्चपरगण्यांच्या आहेत. रविवारी पायी चर्चला येऊन पायीच परत जाता यावे, हे त्यामागचे माप होते. सायकलने हेच अंतर पाव तासात कापले जाते. अंतराच्या दृष्टीने यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. भारतातील खेडी याहूनही जवळजवळ आहेत. नवल आहे ते या गावांना जोडणाऱ्या पक्क्या रस्त्यांचे. १८३६ च्या एका कायद्याने प्रत्येक कोम्यूनवर आपापले रस्ते बांधण्याची व राखण्याची सक्ती केली, आणि गावकऱ्यांवर वर्षाला तीन दिवसांचे श्रम किंवा तितक्या रकमेची भरपाई बसविली. तेव्हापासून विणत गेलेल्या जाळ्यात आज अकरा लाख किलोमीटरांच्या आसपास रस्ते आहेत. मोटारींचे महामार्ग आणि राष्ट्रीय रस्ते हा त्यातील अगदी थोडा हिस्सा. बाकी सारे जिल्ह्याचे आणि गावाचे रस्ते: अरुंद, डांबरी, झाडांच्या सावलीचे आणि बहुधा रिकामे.

अशा रस्त्यांवरचा एक दिवस पाहण्यासाठी ओर्लेआं ते ब्लोआ हा टप्पा घेऊ. लोआर ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. तिची लांबी एक हजार किलोमीटरांहून थोडी अधिक. मध्य फ्रान्सच्या डोंगराळ प्रदेशात उगम पावून ती उत्तरेकडे वाहते, ओर्लेआंपाशी मोठे वळण घेते आणि पश्चिमेकडे अटलांटिक महासागराला जाऊन मिळते. वळणानंतर तिच्या उत्तरेला बोस हा गव्हाचा सपाट, उघडा मुलूख आहे, तर दक्षिणेला सोलोन्य हे तळ्यांचे आणि रानाचे क्षेत्र. या दोहोंमधून नदीच्या काठाने जाणारा हा मार्ग सुमारे सत्तर किलोमीटरांचा आहे. नेव्हेर शहराजवळून समुद्रापर्यंत जाणाऱ्या नऊशे किलोमीटरांच्या आखीव सायकलमार्गाचा तो एक भाग. सरावाच्या माणसाला हे अंतर चार तासांचे; यात्र्याला पूर्ण दिवस पुरत नाही. जूनमध्ये येथे रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, ही त्यातल्या त्यात सोय.

ओर्लेआंहून सकाळी दक्षिणकाठाने निघाले की काही किलोमीटरांवर ल्वारे नावाची छोटी नदी लोआरला मिळते. ही नदी जेमतेम बारा किलोमीटरांची आहे आणि तिचे बरेचसे पाणी लोआरचेच. वरच्या बाजूला चुनखडीच्या भेगांतून जमिनीत मुरलेले पाणी येथे पुन्हा वर येते आणि आपल्याच आईला मिळते. जिल्ह्याला मात्र नाव मिळाले आहे ते या लेकीचे.

या संगमानंतर रस्ता पुष्कळदा बांधावर चढतो, आणि या दिवसाचे खरे स्वरूप तेथून कळू लागते. लोआर ही लहरी नदी आहे. उन्हाळ्यात तिच्या पात्रात वाळूची बेटे उघडी पडतात आणि त्यांवर सुरय पक्षी अंडी घालतात. हिवाळ्यात आणि वसंतात तीच नदी काठ गिळते. तिला आवरण्यासाठी मध्ययुगापासून दोन्ही काठांनी मातीदगडाचे बांध घालण्यात आले आणि शतकामागून शतक त्यांची उंची वाढविण्यात आली. काही ठिकाणी ते सात मीटरांपर्यंत उंच आहेत. बांधाच्या माथ्यावरून जाणाऱ्या सायकलयात्र्याला एका हाताला नदी दिसते आणि दुसऱ्या हाताला, नदीच्या पातळीहून फारशी उंच नसलेली शेते, भाजीचे मळे आणि घरे दिसतात. चढ नाही, उतार नाही, दृष्टी मोकळी. सायकलीसाठीच कोणी हा रस्ता बांधला असावा असे वाटते.

हा बांध भीतीतून उभा राहिला होता. नदीला जितके आवळावे तितकी ती पुराच्या वेळी वर चढते, हे बांध घालणाऱ्यांच्या लक्षात उशिरा आले. १८४६, १८५६ आणि १८६६ असे वीस वर्षांत तीन महापूर आले. १८५६ च्या पुरात बांध शंभराहून अधिक ठिकाणी फुटले. काठच्या जुन्या घरांच्या भिंतींवर त्या त्या वर्षाचा आकडा आणि आडवी रेघ कोरलेली आढळते; रेघ पुष्कळदा उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर असते. कोसीच्या काठच्या लोकांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. ऑगस्ट २००८ मध्ये नेपाळातील कुसाहा येथे कोसीचा बांध फुटला, तेव्हा बांधाच्या भरवशावर वसलेला बिहारचा मुलूख असाच पाण्याखाली गेला होता. लोआरच्या तीन पुरांनंतर बांध आणखी उंच करण्याऐवजी, काही ठराविक ठिकाणी तो मुद्दाम ठेंगणा ठेवून पुराला वाट करून द्यावी, असा विचार कोमॉय या इंजिनिअराने पुढे मांडला. अशा सांडव्यांपैकी एक या मार्गाच्या शेवटी भेटतो. त्याची कथा तेथेच सांगणे बरे.

बांधावर आणखी एक गोष्ट कळते आणि ती पायांना कळते. या खोऱ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे समुद्राकडून येतो. ब्लोआच्या दिशेने जाणाऱ्याला तो समोरून लागतो. नदी उतरत असली तरी तिचा उतार इतका सौम्य आहे की सायकलीला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. वाऱ्याचा विरोध मात्र दिवसभर जाणवतो. या वाऱ्यावरच एके काळी सारे खोरे जगत होते. लोआरचे नावाडी सपाट तळाच्या नावा वापरीत. प्रवाहाबरोबर खाली जाताना पाणी त्यांना नेई, आणि वर येताना मोठे चौकोनी शीड उभारून, एकामागे एक नावा बांधून ते समुद्रवाऱ्याच्या बळावर प्रवाहाविरुद्ध चढत. नदी पश्चिमेला आणि वारा पूर्वेला, असा योग जुळल्यामुळेच मीठ, मद्य, दगड आणि कौलांचे दगडी पापुद्रे यांची ने-आण येथे शतकानुशतके चालली. १८३० नंतरच्या दशकात वाफेच्या बोटी आल्या. बाष्पपात्र फुटण्याच्या भीतीने प्रवासी बिचकू नयेत म्हणून त्यांतील काही बोटींना चक्क ‘न फुटणाऱ्या’ असे नाव देण्यात आले होते. पण १८४३ मध्ये पॅरिसहून ओर्लेआंपर्यंत आणि १८४६ मध्ये पुढे तूरपर्यंत रेल्वे पोहोचली आणि थोड्याच वर्षांत नदीवरचा व्यापार संपला. धक्क्याचे दगडी उतार आणि नावा बांधण्याची लोखंडी कडी गावोगाव अजून शिल्लक आहेत. शीड उभारून वर येणारा नावाडी आणि मान खाली घालून खाली जाणारा सायकलयात्री, दोघांचा वारा एकच.

क्लेरी-सेंतांद्रे हे पहिले मोठे गाव. अकराव्या लुई राजाने, इतर राजांप्रमाणे सें-दनी येथे न पुरता आपल्याला येथे पुरावे, अशी इच्छा व्यक्त केली होती. १४८३ मध्ये ती पाळली गेली. गावाच्या मानाने अवाढव्य असलेले येथील चर्च बोसच्या सपाटीवरूनही दिसते. येथून पाच-सहा किलोमीटरांवर, पूल ओलांडून उत्तरकाठी, मं-स्यूर-लोआर हे गाव लागते. फ्रांस्वा व्हियों हा कवी १४६१ च्या उन्हाळ्यात ओर्लेआंच्या बिशपच्या येथील कैदेत होता. त्याच वर्षी गादीवर आलेला राजा या गावातून गेला आणि रिवाजाप्रमाणे कैदी सोडण्यात आले, म्हणून तो वाचला. तो राजा म्हणजे हाच अकरावा लुई. मोटारीने जाणाऱ्याला ही दोन स्थळे दोन निरनिराळ्या पाट्यांवर दिसतात. सायकलीवर मात्र राजाची कबर डोक्यात ताजी असतानाच कवीचा तुरुंग समोर येतो. सायकलीचा वेग इतिहासाला सोयीचा आहे असे जे म्हटले जाते ते या अर्थाने खरे आहे.

रस्त्याकडेच्या अंतरदर्शक दगडांकडे येथे लक्ष जाते. फ्रान्समध्ये राष्ट्रीय रस्त्याच्या दगडाचा माथा तांबडा आणि जिल्हा रस्त्याचा पिवळा असतो. आपल्याकडे पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा. त्यामुळे भारतीय यात्र्याने पिवळा रंग पाहून दचकू नये. तेथे तो शांततेची खूण आहे.

मंपासून सात किलोमीटरांवर बोजांसी. १४२९ च्या जूनमध्ये, ओर्लेआंचा वेढा उठल्यावर, जोन ऑफ आर्कच्या सैन्याने ही दोन्ही गावे चार दिवसांत इंग्रजांकडून घेतली. कारण दोन्हीकडे नदीवर पूल होता आणि ज्याच्या हाती पूल त्याच्या हाती नदी. बोजांसीचे नाव त्याआधीही एकदा इतिहासात आले होते. ११५२ मध्ये येथे भरलेल्या धर्मसभेने सातवा लुई आणि आक्वितेनची एलेआनोर यांचा विवाह रद्द ठरविला. थोड्याच आठवड्यांत तिने पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी लग्न केले आणि फ्रान्सचा पश्चिम भाग माहेरच्या वारशाबरोबर त्याच्याकडे गेला.

बोजांसीत पोहोचेतो बहुधा दुपारचे बारा वाजतात, आणि बारा वाजणे ही फ्रेंच ग्रामभागात गंभीर घटना आहे. चर्चची घंटा होते, दुकानांची दारे लागतात आणि दोन, कधी अडीच वाजेपर्यंत रस्ते निर्मनुष्य होतात. ज्याने साडेअकराला पाव घेतला नाही तो उपाशी राहतो. म्हणून जाणता यात्री सकाळी पहिले उघडे पावाचे दुकान दिसताच थांबतो. आत शिरताना ‘बोंझूर’ म्हणणे ही येथे औपचारिकता नसून प्रवेशाची अट आहे. ती न पाळणाऱ्याला पाव मिळतो, पण उत्तर मिळत नाही. लांब पाव सायकलीच्या मागच्या पिशवीत उभा खोचायचा. त्याबरोबर या भागातील बकरीच्या दुधाचे चीज घ्यायचे. सेल-स्यूर-शेर गावच्या नावाने ओळखले जाणारे, राखेसारखी करडी साल असलेले मिळाले तर उत्तम. पाणी कोठे भरावे याचेही एक गुपित आहे. गावचा सार्वजनिक नळ कधी असतो, कधी नसतो. कबरस्तानात मात्र फुलांना घालण्यासाठी नळ बहुधा असतोच. पिण्यायोग्य नसल्याची पाटी नाही एवढे पाहून यात्री तेथे बाटली भरतात. यात कोणालाही अनादर वाटत नाही.

मात्र हे सारे गृहीत धरण्याचे दिवस राहिलेले नाहीत. बोजांसीसारख्या गावात पाव मिळतो, पण चार किलोमीटरांवरच्या लहान गावात दुकानाच्या जागी रंग उडालेली पाटी तेवढी असते. गेल्या साठ वर्षांत फ्रेंच खेड्यांतील कॅफे आणि किराणा दुकाने झपाट्याने कमी झाली. शेतीला माणसे कमी लागू लागली, तरुण शहरांत गेले आणि जे राहिले ते मोटारीने पंधरा किलोमीटरांवरच्या मोठ्या बाजारगाळ्यात जाऊ लागले. काही गावांत आता पावाचे स्वयंचलित यंत्र बसविलेले आढळते: नाणे टाकावे, पाव घ्यावा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये युनेस्कोने लांब पाव बनविण्याच्या फ्रेंच कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. ज्या यंत्रापुढे ‘बोंझूर’ म्हणावे लागत नाही, त्याच्या काळात हा गौरव यावा, हा योगायोग नव्हे.

गावांच्या चौकांत नगरगृह, शाळा आणि चर्च यांच्याजवळ एक दगडी स्तंभ बहुधा असतोच. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे सुमारे चौदा लाख सैनिक मारले गेले आणि नंतर जवळजवळ प्रत्येक कोम्यूनने आपल्या मृतांची नावे अशा स्तंभावर कोरली. एकाच आडनावाची तीन-चार नावे सलग वाचताना खेड्यांची ओस पडण्याची कथा किती मागे जाते हे उमगते. भाकरी खायला सावलीचे बाक नेमके या स्तंभाजवळ असते, म्हणून ही नावे सायकलयात्र्याच्या वाचनात हटकून येतात.

सायकलयात्र्यांमुळे ही गावे पुन्हा उभी राहतील, असा उत्साह अलीकडे शासकीय पत्रकांतून दिसतो. त्यात तथ्य आहे. मोटारीतला पर्यटक गावातून जातो, सायकलवरचा गावात थांबतो; त्याला भूक लागते, पाऊस लागतो, संध्याकाळी खाट लागते. मार्गालगतच्या अनेक घरांवर आणि खानावळींवर सायकलयात्र्यांच्या स्वागताचे अधिकृत चिन्ह लावलेले आहे. परंतु यात्री येतात मेपासून सप्टेंबरपर्यंत. पावाच्या दुकानाची भट्टी नोव्हेंबरातही पेटवावी लागते, आणि तेव्हा गिऱ्हाईक गावचेच हवे.

बोजांसीच्या जुन्या कमानी पुलावरून पुन्हा दक्षिणकाठी आले की क्षितिजावर पांढऱ्या वाफेचे लोट दिसू लागतात. हे सें-लोराँचे अणुवीजकेंद्र. येथील जुन्या अणुभट्ट्यांत १९६९ आणि १९८० साली इंधन वितळण्याचे अपघात झाले होते. त्या भट्ट्या १९९० च्या सुमारास बंद झाल्या. त्यांच्या शेजारी १९८० नंतरच्या वर्षांत सुरू झालेल्या दोन भट्ट्या चालू आहेत. शीतकरणासाठी पाणी लोआरचेच. युनेस्कोने २००० साली जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या खोऱ्यात हे दृश्य अनेकांना खुपते. पण नदीला कामाला लावण्याची येथील रीत फार जुनी आहे.

पुढे सें-दिए हे छोटे बंदर. शांबोरचा राजवाडा बांधताना दगड आणि लाकूड नावांतून येथे उतरविले जाई, म्हणून येथून रस्ता नदी सोडून रानात शिरतो. शांबोरविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पहिल्या फ्रांस्वा राजाने १५१९ मध्ये तो सुरू केला. त्याच वर्षी जवळच्या आंब्वाझ येथे लिओनार्दो दा व्हिंची वारला, आणि एकमेकांना न भेटता वर जाणाऱ्या दोन वाटांच्या प्रसिद्ध जिन्याची कल्पना त्याची असावी असे मानतात. राजाने स्वतः तेथे उणेपुरे काही आठवडेच घालविले. सायकलयात्र्याच्या लक्षात अधिक राहते ती राजवाड्याभोवतालची भिंत. ५,४४० हेक्टर रानाला वेढणारी ही भिंत बत्तीस किलोमीटर लांब आहे. आत हरणे आणि रानडुकरे. झाडांच्या सरळ रांगांमधून चार-पाच किलोमीटर पायडल मारल्यावर राजवाड्याची शिखरे एकदम समोर येतात. दिवसभर गावाच्या मापाने चाललेल्या माणसाला हे माप माणसाचे नाही, एवढे जाणवते आणि तो फार वेळ थांबत नाही.

शांबोरपासून ब्लोआ सतरा किलोमीटर. शहर नदीच्या उत्तरेला टेकडीवर आहे, पण मार्ग येतो तो दक्षिणेकडील व्हिएन या सखल उपनगराच्या बाजूने. येथेच ला बुयी नावाचा मोकळा पट्टा लागतो. मागे ज्याचा उल्लेख आला तो सांडवा हाच. पुराचे पाणी येथून बाहेर सोडून शहराचा बांध वाचवावा, अशी ही जुनी व्यवस्था. परंतु मोठा पूर आला नाही तसतसे लोक तिला विसरले, आणि विसाव्या शतकात पाण्याच्या वाटेवरच एक वस्ती उभी राहिली. २००३ पासून नगरसंस्थेने तेथील घरे एकेक करून विकत घेण्यास आरंभ केला आणि शंभराहून अधिक घरे पाडून जमीन पुन्हा मोकळी केली. ज्यांची घरे गेली त्यांना मोबदला मिळाला, पण दीडशे वर्षांत न आलेल्या पुरासाठी आपले घर द्यावे, हे अनेकांना पटणे कठीण गेले. आज तेथे गवत आहे आणि त्यातून सायकलची वाट जाते. पाटी वाचली नाही तर ही जागा रिकामी का आहे हे कोणाच्या ध्यानात येणार नाही.

त्यापुढे जाक गाब्रिएलचा दगडी पूल. जुना पूल १७१६ मध्ये नदीच्या बर्फाने नेला, त्यानंतर १७२४ पर्यंत हा उभा राहिला. पूल ओलांडला की समोर टेकडीवर चढणारा रुंद जिना दिसतो आणि त्याच्या माथ्यावर दनी पापें याचा पुतळा. १६४७ मध्ये ब्लोआच्या परिसरात जन्मलेल्या या माणसाने १६७९ च्या सुमारास घट्ट झाकणाचे, वाफेच्या दाबाने हाडेही शिजविणारे भांडे तयार केले. भारतातील घरोघरच्या प्रेशर कुकरचा तो पूर्वज. त्या भांड्यावरून त्याला वाफेने दट्ट्या हलविण्याची कल्पना सुचली, आणि दीड शतकानंतर त्याच वाफेने लोआरचे नावाडी बेकार केले. सायकल खांद्यावर घेऊन हा जिना चढण्याची हौस तरुणांना होते. बाकीचे वळसा घालून स्थानकाकडे जातात.

उन्हाळ्यात या मार्गावरील काही आगगाड्यांना सायकलींसाठी जास्त जागा ठेवलेली असते. सायकल पुढच्या चाकाने आकड्याला टांगायची आणि खिडकीशी बसायचे. गाडी उत्तरकाठाने जाते. बोजांसी आणि मं ही स्थानके येतात आणि मागे पडतात. मधूनच झाडांच्या फटीतून नदी दिसते. तासाच्या आत ओर्लेआं येते.